अर्धे केस

“हिला मैत्रिणी होत्या लहानपणी?” मानसतज्ज्ञ बाईंनी विचारलं.

“होत्या की! खंडीभर!” बाबा म्हणाले.

लेकीने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. एकही नव्हती. पण बाबा खुर्चीत ताठ बसले होते. घरांना रंग देणारे हात मांडीवर, नखांच्या कडेला कालचा पांढरा रंग, आणि चेहरा असा, की कोर्टात साक्षीला उभे आहेत आणि समोरचा वकील पोरीवर बालंट आणणार आहे.

लेक चांगली मोठी, नोकरी करणारी. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात जलवाहिन्यांचे नकाशे काढायची. तपासणीला ती आपण होऊन आली होती. आपण सगळ्यांत असूनही वेगळ्या का पडतो, त्याला काही नाव आहे का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. बाकीच्या चाचण्या आधीच आटोपल्या होत्या. राहिलं होतं लहानपण, आणि आपलं लहानपण आपल्याला कुठे नीट आठवतं? म्हणून बाबांना आणलं होतं. आई गेल्यापासून घरात दोघंच.

“मोठा आवाज, गर्दी, याचा त्रास व्हायचा?”

“छे! कुणाला कधी त्रास दिला नाही तिने.”

“तिला त्रास व्हायचा का, असं विचारतेय मी.”

“तिला? वाघीण आहे ती.”

“वस्तू ओळीने लावून ठेवायची सवय?”

“नीटनेटकी होती. आमच्या घरात कधी चप्पल हरवली नाही.”

बाईंनी हसू दाबलं. लेक मात्र खिडकीकडे वळली. बाबा तिची बाजू लढवत होते आणि जिंकतही होते. अशाने बाई ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवणार. मग पुन्हा तेच. कुणी खांद्यावर हात ठेवला की दचकणं, जेवणाच्या सुट्टीत जिन्यात जाऊन बसणं, आणि घरी येऊन स्वतःलाच बोल लावणं.

“बाबा,” ती खिडकीकडे बघत म्हणाली. महत्त्वाचं बोलायचं असलं की तिला समोरच्याच्या डोळ्यांत बघता यायचं नाही. “तुम्ही मला वाचवताय. नका वाचवू. खरं सांगा.”

“खोटं काय बोललो मी?”

“मैत्रिणी.”

बाबा ओशाळले. “अगं, पण लिहून घेतायत त्या,” ते कुजबुजले, जणू बाईंना ऐकूच जाणार नाही. “उद्या कुणी म्हटलं, रंगाऱ्याच्या पोरीत खोट आहे...”

“म्हणू दे. मला कळायला हवंय, बाबा. मी रोज दमते.”

हे तिने त्यांना आजवर कधी सांगितलं नव्हतं.

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा चढवला.

“केस,” ते म्हणाले. “केस कापायचे म्हटलं की घर डोक्यावर घ्यायची. सलूनमधलं ते मशीन सुरू झालं की ही टेबलाखाली. मग मीच घरी कापायला लागलो. पण कात्रीचा आवाज तरी कुठे सोसायचा? एका कानाजवळचे झाले की म्हणायची, बास. मग बास. उरलेले दुसऱ्या दिवशी, नाहीतर तिसऱ्या. तोवर पोर अर्ध्या केसांनी शाळेत.”

“मुलं हसायची?”

“हसणारच. रडत आली घरी. पुढच्या खेपेला मी आधी माझे अर्धे कापले. इकडे टक्कल, तिकडे झुलपं. तसाच हिला शाळेत सोडायला गेलो, तसाच कामावर. शिडीवर चढलो की खालून सगळे फिदीफिदी. मुकादम म्हणाला, ‘डोकं ठिकाणावर आहे का?’ म्हटलं, ‘अर्धं आहे. अर्धं उद्या.’”

बाई खळखळून हसल्या. लेक हसली नाही. शाळेच्या फाटकात उभे असलेले बाबा तिला लख्ख आठवत होते, आणि तिच्यावरून निघून त्यांच्याकडे वळलेली सगळी बोटंही. ते मुद्दाम होतं, हे तिला आज कळत होतं.

“मला वाटायचं, तुम्हाला कापता येत नाहीत,” ती म्हणाली.

“येत नव्हतेच,” बाबा म्हणाले.

त्यानंतर मात्र ते बोलतच सुटले. कपड्यांच्या मानेमागची लेबलं कशी उसवावी लागायची, पाहुणे आले की ती कपाटाआड कशी जायची, मैदानात मुलं खेळत असताना ती कुंपणाच्या जाळीवरून बोट फिरवत कशी उभी राहायची. काही लपवलं नाही. बाई लिहीत राहिल्या. मग त्यांनी दोघांना जरा बाहेर बसवलं, आणि पुन्हा आत बोलावल्यावर सरळ लेकीलाच सांगितलं.

“तुम्ही ऑटिस्टिक आहात. जन्मापासून. तुमच्यात काही बिघडलेलं नाही. ऐकण्याची, बघण्याची, माणसांत वावरण्याची तुमची तऱ्हा निराळी आहे. ती झाकून दिवसभर चारचौघींसारखं वागायचं म्हणजे माणूस दमणारच.”

ऑफिसात काय काय मागता येईल, तेही त्यांनी समजावलं. कोपऱ्यातली जागा, कानांवर हेडफोन, सूचना तोंडी न देता लेखी. लेक मान हलवत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसावंसंही तिला वाटत नव्हतं. इतकं हलकं तिला कधीच वाटलं नव्हतं.

बाबांनी घसा खाकरला. “मॅडम, हे तेव्हाच कळलं असतं, तर मी काय वेगळं करायला हवं होतं?”

“बरंच काही सोपं झालं असतं,” बाई म्हणाल्या. “पण केस तसेच कापायचे होते, काका.”

बाहेर पायऱ्यांवरच बाबांचा फोन वाजला. आत्या. भाचीला तपासायला नेणार हे कळल्यापासून तिच्या जिवाला घोर लागला होता. तिचा आवाज लेकीलाही ऐकू येत होता.

“काय निघालं रे? काही नाही ना?”

“निघालं की!” बाबा म्हणाले, रस्त्यावरच्या चार माणसांनी वळून बघावं इतक्या मोठ्याने. “आपली चिऊ ऑटिस्टिक आहे!”

पलीकडून आत्या हळूच म्हणाली, “अगं बाई. आता रे?”

“आता काय? अभिनंदन कर तिचं,” बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन लेकीच्या हातात दिला.