निरोगी नमुना

प्रयोगशाळेत कर्करोगाच्या तुकड्यांशी तुलनेसाठी दहा निरोगी माणसांच्या मोठ्या आतड्याचे तुकडे घेतले; आमच्या प्रमुख सरांनी स्वतःचाही दिला. काचपट्टीवर फक्त क्रमांक असतो. कोणता कुणाचा, हे एकट्या मला ठाऊक. पेशी कर्करोगाकडे वळली की तिच्या अंगावरची साखर बदलते. त्या बदललेल्या साखरेलाच आमचा तपकिरी रंग चिकटतो. सरांचा तुकडा तपकिरी निघाला. तीनदा रंगवला, तीनदा तेच. "बाई, निरोगी आतडं तपकिरी कसं? हात चालतात की नुसतं तोंड?" सर खेकसले. चूक हाताखालच्याचीच, हा त्यांचा कायदा. "फेका ती पट्टी. रंग बिघडला म्हणून लिहा." "नाही फेकणार. आधी डोळ्यांनी बघा!" वीस वर्षांत पहिल्यांदा माझा आवाज चढला. ते सूक्ष्मदर्शकावर वाकले, पट्टी इकडून तिकडे सरकवत राहिले. "रंग बरोबर आहे," ते पुटपुटले. "बिचाऱ्याला आजच बोलवा. कोण हा?" मी स्टूल पुढे सरकवलं. "बसा, सर."