आधी स्कॅन

बाबांच्या तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी नीरजाचा भाऊ उन्मेष पेन ड्राइव्ह घेऊन आला. "आई, तुझ्या फॅमिली पेन्शनचा फॉर्म आहे. इथेच प्रिंट काढतो, तू फक्त सही कर."

नीरजाने पेन ड्राइव्ह त्याच्या हातातून काढून घेतला. "बाबांच्या कॉम्प्युटरवर स्कॅन केल्याशिवाय काही उघडायचं नाही."

"यार, या पंधरा वर्षांच्या डबड्याला कसला व्हायरस? बाबा गेले, आता तू चौकीदार?"

"बिल्कुल," म्हणत तिने स्कॅन सुरू केला. तपासल्या जाणाऱ्या एकुलत्या एक फाइलचं नाव स्क्रीनवर उमटलं.

 

आई चष्मा सावरत मोठ्याने वाचू लागली, "गाझियाबाद फ्लॅट... आईचं हक्कसोडपत्र... उन्मेष, यात पेन्शन कुठंय रे?"