बर्लिनच्या बाल्कनीतला पक्षी

अनीश नोकरीसाठी बर्लिनला गेल्यापासून दर रविवारी फॅमिली ग्रुपवर तिकडच्या एका पक्ष्याचा फोटो टाकतो आणि आम्ही दोघांनी इकडे अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये बसून तो ओळखायचा. ह्यांना कावळा-कबुतरापलीकडे काही कळत नाही, तरी उत्तर आधी ह्यांचंच येतं. मी पुस्तक उघडून बसते आणि आजवर एकदाही चुकलेली नाही.

गेला महिनाभर व्हिडिओ कॉल लावला की "आई, बिझी आहे" एवढंच येतं. रविवारचा फोटो मात्र आजही आला. "आई, गेस कर! आत्ताच बाल्कनीतून काढलाय. बाबांना क्लू देऊ नकोस."

बर्फाने भरलेला कठडा आणि त्यावर पाटीच्या रंगाचा, पांढऱ्या पोटाचा गुबगुबीत पक्षी.

"वॅगटेल!" हे सोफ्यावरूनच ओरडले.

मला पुस्तक उघडावंच लागलं नाही. हा जंको. युरोपात नसतोच हा. इथे मात्र बर्फ पडला की आमच्या किचनच्या खिडकीबाहेर दाण्यांच्या फीडरवर रोज येतो. अनीश याच घरात लहानाचा मोठा झाला, पण फोनमधून मान वर काढून त्याने कधी तिकडे बघितलं असेल तर शपथ.

म्हणजे ही बाल्कनी बर्लिनची नव्हती.

"काय गं, आज अडलीस?" हे हसले. "विचार त्याला, तिकडे थंडी किती आहे."

 

मी टाइप केलं, "या वेळी नाही ओळखता आला रे. तूच सांग."