अंगठे राहिले

दादा बॅगेसकट सरळ बाबांच्या खोलीकडे निघाला, तशी धाकटी बहीण दारात आडवी आली.

“आधी हात धू.”

“बाजूला हो.”

“हात धू आणि मग जा. बाबांच्या पांढऱ्या पेशी पार खाली गेल्यात. या कॅन्सरच्या औषधांनी अंगात काही उरू दिलेलं नाही. साधी सर्दी झाली तरी निभावणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय.”

“पाच तास प्रवास करून आलोय मी. आणि तू मला परक्यासारखं दारात अडवतेस?”

“आठ महिन्यांनी आलायस. आणखी एका मिनिटानं काय बिघडतंय?”

ते बरोबर वर्मी लागलं. त्यानं बॅग खाली आदळली आणि बोळातल्या बेसिनपाशी जाऊन बोटं नळाखाली धरली न धरलीशी केली. ओले हात पँटला पुसून तो वळला.

“साबण,” ती म्हणाली. “घड्याळ काढ. अंगठीपण.”

अंगठी निघेना. त्यानं साबण लावला, फिरवून पाहिली, दात आवळून ओढली. निघाली तेव्हा बोट लालभडक झालं होतं. मग त्यानं हात धुतले. तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं, पार मनगटापर्यंत. तिच्याकडे एकदाही न बघता.

त्यानं टॉवेलसाठी हात पुढे केला. तिनं तो दिला नाही.

“अंगठे राहिले. परत धू.”

अंगठे राहिले नव्हते. तिनं स्वतः पाहिलं होतं. पण पहिल्या इंजेक्शननंतर बाबा रात्रभर ओकत होते आणि ती त्यांचं डोकं धरून बसली होती, तेव्हा हा फोनवर ‘काही लागलं तर कळव’ एवढंच म्हणाला होता. त्याला तिथं अजून थोडा वेळ उभं करावं, एवढंच तिला वाटत होतं. ते बाबांसाठी नव्हतं, हेही तिला कळत होतं.

“मजा येतेय ना तुला?” त्यानं आवाज दाबून विचारलं. “बाप तुझ्या एकटीचा आहे का?”

“आठ महिने होता.”

“हे मी विसरणार नाही. लक्षात ठेव.”

“ठेवते. अंगठे धू.”

त्यानं पुन्हा हात धुतले. या वेळी तिनं टॉवेल दिला आणि दारातून बाजूला झाली.

बाबा उशीला टेकून पडले होते. डोक्यावर एक केस नव्हता. त्याला बघून त्यांचे ओठ हलले. तो पलंगाशी पोचला तोच खिशातला फोन वाजायला लागला. त्यानं सवयीनं तो काढला, बंद केला, परत खिशात टाकला आणि बाबांच्या कपाळाकडे हात नेला.

हात मध्येच थांबला.

त्यानं वळून दाराकडे पाहिलं. बहीण तिथंच उभी होती. तिनं सगळं बघितलं होतं. ‘परत धू’ अगदी ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं.

दादानं हात मागे घेतला. तो तिच्या अंगावरून बाहेर गेला.

“गेला का गं?” बाबांनी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “हात धुतोय.”

बोळातून पाण्याचा आवाज येत राहिला. बराच वेळ. बाबांनी पांघरुणाखालून आपले दोन्ही हात सावकाश बाहेर काढले. सुया टोचून टोचून ते काळेनिळे झाले होते. ते त्यांनी पांघरुणावर उताणे ठेवले आणि दाराकडे बघत राहिले.