सूचकाची सही

नवऱ्याची जिल्हा परिषदेची जागा बाईला सुटली तेव्हा पुढाऱ्याची बायको म्हणून आमच्या झरी गावानं माझंच नाव धरलं होतं. उमेदवारीच्या शेवटच्या दिवशी हे एक भरलेला अर्ज घेऊन आले. फोटो तिचा होता. सहा वर्षं यांची गाडी चुडावा गावात जिच्या दारात उभी असते, तिचा. गळ्यात माझ्यासारखीच बोरमाळ, माळेला पदर एक जास्त. “सूचक म्हणून तू सही कर. बायकोचीच सही दिसली की लोकायची तोंडं बंद.” “लोक इचारतेत, तिचं अन् तुमचं काय हाय?” “ती खासगी बाब हाय. लोकायला काय करायचंय?” अर्ज सगळा भरला होता, फक्त ‘पतीचे नाव’ हा रकाना मोकळा होता. मी सही केली. मग त्या रकान्यात यांचं पूर्ण नाव लिहिलं. “न्या. माळ दिली, तिकीट दिलं. नाव तेवढं ऱ्हायलं होतं, ते मी दिलं.”