नदीतली शिल्लक जागा

"मीठ त्यांच्याकडेही आहे, बंदर त्यांच्याकडेही आहे," पाहुण्यांतला टकलू म्हणाला. "आम्हाला प्लॅस्टिक आणि रसायनं बनवायची आहेत. शेजारच्या राज्यात जाऊ शकतो. मग तुमच्याकडेच का यावं?"

टेबलाच्या टोकाला बसलेल्या पाणीवाल्या बाईंनी दादाकडे पाहिलं. त्यांचा सख्खा भाऊ, उद्योग खात्यातला बडा साहेब. कालच त्याचा फोन आला होता, "अगं, तुझ्या वह्या घेऊन ये. कळू दे लोकांना, आपली नदी कशी आहे ती!" बाईंना कोण आनंद झाला होता! बावीस वर्षं दर सोमवारी नदीवर जाऊन सहा ठिकाणी बाटल्या भरायच्या, प्रयोगशाळेत पाणी तपासायचं आणि आकडे वहीत उतरवायचे. याच आकड्यांच्या जोरावर त्यांनी नदीत रंगाची घाण सोडणारी एक गिरणी बंद पाडली होती. धमक्या आल्या, पण एक आकडा इकडचा तिकडे केला नाही. त्या वह्या आज थेट साहेबांच्या टेबलावर होत्या, म्हणून बाई ठेवणीतले कपडे घालून आल्या होत्या.

दादा उठला. "नदीमुळे यावं," तो म्हणाला.

बाईंची मान ताठ झाली.

"शेजारच्यांची नदी आधीच भरलीय. तिच्यात आता काही सोडायचं म्हटलं की कायदा आडवा येतो. आमची स्वच्छ आहे. म्हणजे तिच्यात अजून भरपूर जागा शिल्लक आहे. धरणाच्या खाली कारखाना टाका आणि खुशाल पाइप सोडा."

पडद्यावर बाईंचेच आकडे झळकले. त्यांच्याखाली एक नवी ओळ होती : रोज किती सांडपाणी मावेल. एवढी जिवापाड नदी राखली, ती यांच्यासाठी?

टकलू त्यांच्याकडे वळला. "मॅडम, हे आकडे तुम्ही घेतलेत ना? खरे आहेत? जराही शंका असली तर सांगा. आम्ही पलीकडे जाऊ."

'नदी आहे त्यापेक्षा जरा स्वच्छ दाखवलीय' एवढं म्हटलं असतं तरी नदी सुटली असती. पण मग बावीस वर्षांच्या वह्या रद्दीत गेल्या असत्या आणि तो गिरणीवाला उद्या सकाळी कुलूप काढून बसला असता. दादा बहिणीकडे बघतसुद्धा नव्हता, निवांत पेनाचं टोपण लावत होता. लहानपणी दोघांनी मिळून केलेल्या प्रत्येक उद्योगाची कबुली आईसमोर हीच देऊन टाकायची. ही खोटं बोलणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मेल्यानं त्यावरच तर सगळा डाव मांडला होता!

"खरे आहेत," बाई म्हणाल्या. "एकूण एक."

खुर्च्या सरकल्या, हात मिळवले गेले. बाई वह्या छातीशी धरून बाहेर आल्या. जिन्यापाशी दादानं त्यांना गाठलं.

"रागावू नकोस गं. चार हजार माणसं कामाला लागतील. तू होतीस म्हणून जमलं."

"दादा, एक विचारू?" बाई म्हणाल्या. "तीन महिन्यांपूर्वी आईला काठावरच्या घरातून हलवलंस. तिकडे धरणाच्या वर नेऊन ठेवलंस. ओलीनं गुडघे धरतात म्हणालास. ते गुडघ्यांसाठीच होतं ना?"

दादानं चष्मा काढला, पुसला. पुसलेला पुन्हा पुसला.

"आईच्या शेजारचं घर रिकामं आहे," तो म्हणाला. "तुझ्यासाठी धरून ठेवलंय."