सुनेची बिलं

सून घरीच पडदे शिवून देण्याचा धंदा करते आणि तिची बिलं मी लिहितो. उभा जन्म ग्रंथालयात नोंदी करण्यात गेला, त्यामुळे कापडाचं माप, शिलाई, कर सगळं जिथल्या तिथे असतं. मुलगा चेष्टेने म्हणतो, "बाबांचं बिल म्हणजे लग्नपत्रिका." सून तर न वाचताच सही करते.

काल तिने दोनपैकी एक शिलाई मशीन विकायला काढलं. गिऱ्हाइकं चार-चार महिने पैसे देत नाहीत, आणि आता अस्तर आणायलाही हातात काही उरलं नव्हतं.

"माझ्याच शिलाईत काही खोट असेल, बाबा," मशीन पुसता पुसता ती म्हणाली. "तुमच्या बिलात तर बोट ठेवायला जागा नसते."

"तसं नसेल गं," एवढंच मी म्हणालो आणि मशीनचं झाकण शोधायला उठलो.



'पैसे कधीपर्यंत द्यावेत' या रकान्यात, मागायचा संकोच वाटतो म्हणून, मी प्रत्येक बिलावर 'आपल्या सवडीने' असं लिहीत आलो आहे.